टोपीकरांच्या कंपन्या आणि परमुलखांतील त्यांचें दायित्व

‘कंपनीचें सामाजिक दायित्व’ हा शब्दप्रयोग अलीकडचा आहे. इ. स. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम लोकोपयोगी कामीं लावण्यास सांगितलें, तेव्हांपासून तो विशेष रूढ झाला. शब्द नवा असला तरी त्यामागील प्रश्न नवा नाहीं. भागीदार एका देशांत, वखारी दहा देशांत, आणि प्रत्येक देशाचा राजा, धर्म व रिवाज निराळा, अशी एखादी व्यापारी मंडळी असली तर ती कोणत्या देशच्या लोकांचें काय देणें लागते, आणि तें देणें तिच्याकडून वसूल कोणीं करावें, हा प्रश्न सतराव्या शतकांत आमच्या किनाऱ्यावर उभा राहिला होता. त्याचीं उत्तरें जुन्या पत्रव्यवहारांत, तहनाम्यांत व कौलांत विखुरलेलीं आहेत.

मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्या कांहीं इंग्रज ग्रंथकारांनीं त्या बेटावरील धर्मस्वातंत्र्याचें श्रेय आपल्या जातीच्या उपजत न्यायबुद्धीस दिलें आहे. उलटपक्षीं आमच्यांतील कित्येक लेखक ईस्ट इंडिया कंपनी ही जन्मतःच राक्षसी होती असें मानून चालतात. दोन्ही मतें एकाच चुकीवर उभीं आहेत. कंपनीला एक स्वभाव होता व तोच ती सर्व मुलखांत घेऊन गेली, हें दोघांचेंही गृहीत आहे. कागद पाहतां असें दिसतें कीं, कंपनीचें लोकांविषयींचें कर्तव्य तिच्या सनदेंत ठरत नसून ज्या मुलखांत ती उभी असे तेथें ठरत असे; आणि तेथेंही तिच्यावर दाब ठेवणारा कोणी असेल तरच ठरत असे.

आमच्या धर्मशास्त्रकारांना हा विषय अपरिचित नव्हता. अनेकांनीं भांडवल एकत्र करून चालविलेल्या धंद्यास त्यांनीं ‘संभूयसमुत्थान’ असें नांव दिलें असून मनूच्या आठव्या अध्यायांतील अठरा व्यवहारपदांत त्याची गणना आहे. त्याच अध्यायांत ‘संविद्व्यतिक्रम’ हें दुसरें पद येतें. गांव, देश किंवा संघ यांच्याशीं केलेला करार जो लोभानें मोडील त्यास राजानें राष्ट्रांतून घालवून द्यावें, असा तेथें दंड आहे. कौटिल्य तर पण्याध्यक्षाच्या प्रकरणांत स्पष्टच सांगतो कीं, प्रजेस उपद्रव देणारा नफा कितीही मोठा असला तरी तो राजानें सोडून द्यावा. परंतु या सर्व व्यवस्थेंत श्रेणीच्या डोक्यावर राजा आहे व तो जवळ आहे, असें धरलेलें आहे. ज्या श्रेणीचा राजा सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे राहतो आणि जी स्वतःच तोफा व गलबतें बाळगते, तिचा विचार स्मृतिकारांनीं केलेला नाहीं. तसा प्रसंग त्यांच्यापुढें आलाच नव्हता.

प्रथम वलंदेजांचें उदाहरण घेतों, कारण देशपरत्वें आचार किती पालटतो हें त्यांत एका दृष्टिक्षेपांत कळतें. त्यांची कंपनी इ. स. १६०२ मध्यें स्थापन झाली. आमच्याकडे वेंगुर्ल्यास तिची वखार होती. पूर्वसमुद्रांतील बांदा बेटांत जायफळ पिकत असे. तेथील लोक आपला माल वलंदेजांखेरीज इतरांसही विकतात एवढ्या कारणावरून इ. स. १६२१ मध्यें यान पीटर्सझोन कून या गव्हर्नरानें त्या बेटांवर स्वारी केली. तेथील ४४ प्रमुखांचीं डोकीं कंपनीच्या पदरच्या जपानी भाडोत्री शिपायांकडून उडविण्यांत आलीं. सुमारें १५ हजार वस्तीपैकीं बहुतेक लोक मारले गेले, उपासमारीनें मेले, पळून गेले अगर गुलाम म्हणून नेण्यांत आले. आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर गुलामांकरवीं जायफळाचे मळे सुरू झाले. आतां हीच कंपनी जपानांत कशी वागली तें पाहावें. हिरादो बंदरांतील तिच्या नव्या वखारीच्या दर्शनी भिंतीवर ख्रिस्ती शकाचें वर्ष कोरलेलें होतें. ख्रिस्ती शकाचा उल्लेख जपानच्या सरकारास खपला नाहीं व इ. स. १६४० मध्यें वखार पाडण्याचा हुकूम सुटला. मुख्य अधिकारी फ्रान्स्वा कारों यानें चकार शब्द न काढतां ती भुईसपाट केली. पुढील वर्षापासून नागासाकीजवळच्या देशिमा नांवाच्या चिमुकल्या बेटावर कोंडून घेऊन, उघड ख्रिस्ती उपासना न करितां, राजधानी एदो येथें नेमानें नजराणा नेऊन या मंडळीनें दोनशेंहून अधिक वर्षें व्यापार केला. एका शिलालेखापायीं अख्खी इमारत पाडणारे आणि एका पिकापायीं अख्खी बेटें ओस पाडणारे लोक निरनिराळे नव्हते. त्यांची सनद एक, भागीदार एक, हिशेबाची वही एक. बांद्याच्या लोकांपाशीं शोगुन नव्हता, इतकाच काय तो भेद.

आतां इंग्रजांकडे वळूं. इ. स. १६६० मध्यें सिद्दी जोहराचा पन्हाळ्यास वेढा पडला असतां राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन हा उखळी तोफ व गरनाळे घेऊन तेथें गेला आणि इंग्रजी निशाण लावून त्यानें किल्ल्यावर मारा केला. व्यापाऱ्यानें तटस्थ राहावें हा सर्व देशांचा संकेत. तो येथें उघड मोडला गेला. शिवाजीमहाराजांनीं इ. स. १६६१ मध्यें राजापूर घेऊन वखार लुटली व रेव्हिंग्टनादि इंग्रजांस कैदेंत टाकलें; ते इ. स. १६६३ मध्यें सुटले. या कैद्यांनीं सुरतकर वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, तेव्हां त्यांस जें उत्तर गेलें तें इ. स. १९३१ मध्यें पुण्यास छापल्या गेलेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या संग्रहांत पाहावयास मिळतें. त्याचा भावार्थ असा कीं, तुम्ही कंपनीचा माल राखतांना पकडलां गेलां नाहीं. इंग्रजांचें म्हणून सर्वांस ठाऊक असलेलें निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकावयास गेलांत, त्याचें हें फळ आहे.

पण यांतील गोम पाहावी. घरांतल्या घरांत कंपनीनें दोष आपल्या माणसांवर टाकला, म्हणजे तटस्थतेचें कर्तव्य तिनें मान्य केलें. आणि बाहेर मात्र राजापूरच्या लुटीची नुकसानभरपाई ती महाराजांकडे तेरा वर्षें मागत राहिली. परमुलखांतील नोकराचें कृत्य लाभाचें असेल तर कंपनीचें, अंगलट आलें तर त्याचें एकट्याचें, ही रीत तेव्हांपासूनची आहे.

इ. स. १६७४ मध्यें राज्याभिषेकाच्या वेळीं हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला व तहाचीं कलमें ठरलीं. भरपाईचें कांहीं अंशीं मान्य झालें. परंतु फुटलेल्या जहाजांवरील माल इंग्रजांस परत मिळावा हें कलम कोंकणच्या जुन्या रिवाजाविरुद्ध म्हणून महाराजांनीं त्या वेळीं मानलें नाहीं. इंग्रजांस ही सूट दिली तर फरासीस व वलंदेज यांनाही द्यावी लागेल, हेंही कारण होतें. परक्या मंडळीनें आपल्या देशचा कायदा येथें आणूं नये, येथील चालीस धरून असावें, हें तत्त्व त्या एका नकारांत आहे. पुढें इ. स. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत त्याच तत्त्वास शब्दरूप मिळालें. सावकारांवर इतकी माया करणारा तो ग्रंथ टोपीकरांविषयीं मात्र सावध आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत. प्रत्येकाच्या मागें त्याचा राजा आहे व राजास भूमीचा लोभ नाहीं असें कधीं होत नसतें. यास्तव त्यांस समुद्रकिनाऱ्यावर जागा देऊं नये, दिलीच तर आंत, थोर शहराच्या शेजारीं, सखल व आटोपशीर द्यावी आणि पक्क्या इमारती बांधूं देऊं नयेत, असा त्याचा आशय आहे. परदेशी कंपनीच्या दायित्वाची चर्चा करणाऱ्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें. अमात्य टोपीकरांच्या सद्‌बुद्धीवर भरंवसा ठेवीत नाहींत. ते जागा कोठें द्यावी तें सांगतात.

मुंबईची कथा याच्या उलट बाजूनें हेंच शिकविते. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहांत मिळालेलें हें बेट दुसऱ्या चार्ल्स राजानें इ. स. १६६८ मध्यें वर्षाला १० पौंड सोन्याच्या रूपानें घेण्याच्या बोलीनें कंपनीस दिलें. येथें कंपनी प्रथमच मालक झाली; पण मालकी कशाची? हवा रोगट, पाणथळ जागा फार, व्यापारी थोडे, आणि भोंवतीं मराठे, सिद्दी व फिरंगी. माणसें आणावयाचीं तर तीं सुरतेहून व दीवहून आणावयाचीं, आणि तीं हिंदु अगर पारशी. इ. स. १६६९ मध्यें काजीच्या जुलमास कंटाळून सुमारें आठ हजार वाणी सुरत सोडून भडोचेस गेले. मुंबईस आश्रय मिळावा म्हणून त्यांनीं तत्पूर्वीं जेराल्ड आंजिअराकडे विचारणा केली होती. आंजिअरास ते हवेच होते; तथापि बादशहाची इतराजी नको, सुरतेची वखार जाईल, या भीतीनें त्यानें त्यांस तूर्त अहमदाबादेस जाण्याचा सल्ला दिला. धर्मासाठीं पळणाऱ्यांना आसरा देणें हें कंपनीचें मुंबईंतील हित होतें, आणि न देणें हें तिचें सुरतेंतील हित होतें. दोन मुलखांत पाय ठेवणाऱ्यास असा पेंच पडतोच. अशा वेळीं ज्या मुलखांत पाय अधिक अडकलेला असेल तिकडचें हित जिंकतें.

तथापि माणसांची गरज होतीच, आणि ती वाण्यांनीं ओळखली. दीवचा वाणी नीमा पारेख यानें मुंबईस येण्यापूर्वीं घातलेल्या अटी उपलब्ध आहेत; त्यांवर इ. स. १६७७ चें साल आहे. घर व वखार यांस फुकट जागा. आपल्या आवारांत आपला धर्म निर्वेध पाळतां यावा. त्या आवारांत कोणाही ख्रिस्त्यानें अगर मुसलमानानें राहूं नये किंवा जीवहिंसा करूं नये. प्रेतें आपल्या रीतीनें दहन करतां यावीं, लग्नें वाजतगाजत व्हावीं. आपल्या लोकांपैकीं कोणास बळानें ख्रिस्ती करूं नये. वेठीचें ओझें लादूं नये. पहाऱ्याची नोकरी माफ असावी. फिर्याद झाली तर आगाऊ सूचना दिल्यावांचून अटक होऊं नये. लढाईच्या प्रसंगीं माल व माणसांस किल्ल्यांत जागा मिळावी. एका साध्या व्यापाऱ्यानें एका राज्यकर्त्या कंपनीस लिहून मागितलेला हा मसुदा आहे, आणि कंपनीनें तो बहुतांशीं मान्य केला. आंजिअर त्याच वर्षीं जूनमध्यें सुरतेस वारला. परंतु बेटाच्या वस्तीनें, डॉक्टर फ्रायर याच्या अंदाजाप्रमाणें, त्याच्याच कारकीर्दींत ६० हजारांची मजल गांठली होती.

वरील अटी वाचतांना कोणाही मराठी दप्तर चाळणाऱ्यास एक गोष्ट तत्काळ सुचेल. नवी पेठ वसवितांना वाणीउदम्यांस दिला जाणारा जो कौल, अभय, माफी व वेठबिगारीची सूट देणारा, त्याचाच हा सांगाडा आहे. लंडनहून आलेल्या सनदांत याचा मागमूस नाहीं. आमचें मत असें आहे कीं, मुंबईचें धर्मस्वातंत्र्य हें विलायती तत्त्वज्ञानाचें रोप नसून देशी कौलाची कलम आहे, आणि ती कंपनीच्या हातून येथील महाजनांनीं लावून घेतली. पटलें नाहीं तर तेथेंच न जाण्याची मोकळीक नीमा पारेखास होती. त्याचें सारें बळ त्या मोकळिकींत होतें.

ही मोकळीक नसेल तेथें काय होतें तें बंगालनें पाहिलें. १२ ऑगस्ट १७६५ रोजीं शहाआलम बादशहानें कंपनीस बंगाल, बहार व ओरिसा यांची दिवाणी दिली. शेतकऱ्यास मुंबईच्या वाण्याप्रमाणें दुसऱ्या बंदरीं जातां येत नाहीं. नबाब नामधारी उरला होता, आणि डायरेक्टरांची सभा जमाखर्च पाहत होती. इ. स. १७६९-७० चा दुष्काळ पडला, तो बंगाली शके ११७६ वरून आजही ओळखला जातो. वॉरन हेस्टिंग्स यानें नोव्हेंबर १७७२ मध्यें विलायतेस लिहिलें कीं, निदान एक तृतीयांश रयत मेली असूनही इ. स. १७७१ ची निव्वळ वसुली इ. स. १७६८ पेक्षां अधिक झाली आहे. मेलेल्यांचा सारा जिवंत राहिलेल्यांवर बसविल्यावांचून असें होत नाहीं. त्याच सुमारास लंडनमध्यें भागीदारांचा नफा शेंकडा १२॥ पर्यंत चढविण्यांत आला होता. इ. स. १७७२ मध्यें कंपनीच डबघाईस आली, तिनें सरकारापुढें कर्जासाठीं हात पसरला, आणि तेव्हां कोठें इ. स. १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट झाला. पार्लमेंटास जाग आली ती बंगालच्या प्रेतांनीं की लंडनच्या हुंड्यांनीं, याचा निर्णय वाचकांनीं तारखा पाहून करावा.

परंतु देशोदेशींच्या सीमांचा उपयोग कंपनीनें अफूच्या व्यापारांत जसा केला तसा अन्यत्र कोठेंही केला नाहीं. इ. स. १७७३ मध्यें हेस्टिंग्सनें बंगालच्या अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला. त्याचें त्या वेळचें मत नमूद आहे: अफू ही जीवनावश्यक वस्तु नसून घातक चैन आहे, सुज्ञ सरकारानें आपल्या देशांत तिचा खप आवरावा, परदेशच्या व्यापारापुरतीच ती चालूं द्यावी. कौटिल्याचा प्रजेस उपद्रव न देण्याचा नियम येथें अक्षरशः पाळला गेला आहे. फक्त ‘प्रजा’ या शब्दाची सीमा नकाशावर आंखून घेतली आहे. चीनमध्यें बादशहाचे इ. स. १७२९ पासून अफूबंदीचे हुकूम होते, आणि कँटनचा चहा हा तर कंपनीचा प्राण. सबब कंपनीनें आपल्या खास जहाजांवर अफू नेण्यास मनाई केली. माल पिकवावयाचा, तयार करावयाचा, पेट्यांवर छाप मारावयाचा व कलकत्त्यास लिलांव करावयाचा, तो कंपनीनेंच. पुढें तो खासगी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून चीनच्या किनाऱ्यावर गेला तर कंपनीस त्याची वार्ताही नाहीं! कँटनमध्यें ती कायदा पाळणारी, आणि कलकत्त्यास तीच कायदा मोडणाऱ्यांची पुरवठादार. इ. स. १८३८-३९ पर्यंत चीनला जाणारी अफू वर्षाला ४० हजार पेट्यांच्या आसपास गेली होती, आणि इ. स. १८३९ मध्यें लढाई जुंपली.

या व्यापाराचा एक धागा मुंबईस येतो, तो टाळतां येणार नाहीं. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाई व तींत मुंबईच्या अनेक सावकारांचीं घरें भरलीं. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारांतील व त्यांत अफूचाही होता. त्यांनीं रुग्णालयासाठीं दिलेला एक लाख रुपये आणि इ. स. १८४५ मध्यें उघडलेलें तें रुग्णालय यांचा उपकार मुंबई आजही घेत आहे. त्या दानाचें मोल आम्ही कमी करूं इच्छीत नाहीं. पण एका किनाऱ्यावरील व्याधीच्या पैशानें दुसऱ्या किनाऱ्यावरील व्याधि बरी करण्याचा हा प्रकार ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कंपन्यांच्या आजकालच्या धर्मादाय अहवालांत खर्चाचें गांव छापलेलें असतें, कमाईचें नसतें.

शेवटीं पुण्याकडे यावयाचें. इ. स. १८१८ मध्यें पेशवाई गेली तेव्हां श्रावणमासाच्या दक्षिणेचा प्रश्न आला. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं सुरू केलेली ही चाल इ. स. १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर पहिल्या बाजीरावानें पुण्यास चालविली होती. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें ती एकदम मोडली नाहीं. वर्षाला ५० हजार रुपये चालू ठेवले, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत जी संस्कृत पाठशाळा उघडली तिचा खर्चही त्या रकमेंतूनच बांधला. याज्ञवल्क्यानें म्हटलें आहे कीं, जो रिक्थ घेतो त्यानें ऋणही फेडावें. एल्फिन्स्टनास हें वचन कोणीं सांगितलें असेल वा नसेल. राज्याबरोबर राज्याचें देणेंही येतें हें त्यानें ओळखलें. ब्राह्मणवर्ग बिथरूं नये हा हेतु त्यानें लपविलेला नाहीं. इ. स. १८१३ च्या सनदेनें सबंध हिंदुस्थानांतील विद्येसाठीं वर्षास एक लाख रुपये ठरविले होते व ते दहा वर्षें बव्हंशीं तसेच पडून राहिले, हें पाहिलें म्हणजे एका पुण्यास ५० हजार कां मिळाले तें उघड होतें. पुण्याची भीति ताजी होती. ती जसजशी ओसरली तसतसा दक्षिणेस ओहोटी लागली. नव्या नांवांची भर बंद झाली. इ. स. १८४९ च्या अर्जानें लोकहितवादी आदि मंडळींनीं त्या पैशाचा कांहीं भाग मराठी ग्रंथांकडे वळवून घेतला, म्हणून तरी त्याचा अवशेष टिकला.

या सर्व प्रकरणांत एक मोठी उणीव आहे व ती भरून काढणें या त्रैमासिकाच्या वाचकांच्याच हातीं आहे. वर आलेल्या बहुतेक गोष्टी आपणांस टोपीकरांच्या वह्यांतून कळतात. नीमा पारेखाच्या अटीसुद्धां इंग्रजी तर्जुम्यांतच हातीं येतात. राजापूर, वेंगुर्लें, कारवार, दाभोळ, चौल या बंदरांतील जुन्या सावकारी घराण्यांच्या रुमालांत टोपीकरांस दिलेले अगर त्यांच्याकडून घेतलेले कौल, वखारीच्या जागेचे कागद, दलालांचीं खतें असण्याचा संभव आहे. मोडी कागद ‘जमाखर्चाचे’ म्हणून बाजूस टाकण्याची आपल्या संग्राहकांस संवय आहे. राजकारणाचें पत्र सांपडलें नाहीं तर गठ्ठा पुन्हां बांधला जातो. ज्यांच्या घरीं असे गठ्ठे असतील त्यांनीं निदान ‘टोपीकर’, ‘वलंदेज’, ‘इंगरेज वखार’ हे शब्द असलेले बंद निराळे काढावेत व त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्यात.